बटणवाल्या गोऱ्याचा शर्ट

परदेशी जाताना लोक सोबत काय नेतात हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरातलं कोणी कधी विमानात बसलेलं नाही. कॉलेजात जाणारीही घरातली मीच पहिली, त्यामुळे विचारायचं कोणाला हा प्रश्न होता. शेवटी आमच्या इस्त्रीच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. कोणी म्हणालं छत्री ने, कोणी म्हणालं डासांचं मलम ने, एका काकूंनी तर लिंबाच्या लोणच्याची बरणीच आणून दिली. ऐंशी वर्षांपूर्वीचा एक खाकी शर्ट ने, असं मात्र कोणी म्हणालं नाही. तो मी नेला.

इतिहासाच्या मॅडमनी कॉलेजच्या वार्षिकासाठी प्रवासवर्णन लिहायला सांगितलं, तेव्हा मी आधी तिथल्या इमारतींबद्दल लिहायला बसले होते. दोन पानं झाल्यावर लक्षात आलं, की मी इमारतींकडे धड पाहिलंच नव्हतं. म्हणून शर्टाबद्दलच लिहिते. इमारती उंच आहेत.

निघण्याआधी, भिंगार

आम्ही परीट. नगरला लागून भिंगार आहे, तिथे लष्कराच्या छावणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. माझे पणजोबा इंग्रजांच्या काळात छावणीतले कपडे धुवायचे. महायुद्धात एक इंग्रज पलटण बोटीतून मुंबईला उतरली आणि थोडे आठवडे नगरला येऊन राहिली. त्यातला एक पोरगेला गोरा शिपाई आपले कपडे कोणाच्या हाती न पाठवता स्वतःच ओढ्यावर घेऊन यायचा. त्याला मराठी येत नव्हतं, पणजोबांना इंग्रजी येत नव्हतं, तरी दोघं तासन्‌तास बोलत असत. तो आमच्याकडची भाकरी खायचा, ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं की ओढ्यात तोंड बुडवायचा आणि परत ठेचा मागायचा. एकदा त्याला कपडे आपटायची हौस आली. त्यानं स्वतःचाच शर्ट दगडावर असा आपटला, की वरचं बटण फुटून पाण्यात गेलं.

पणजोबांनी खुणेनं सांगितलं, बटण लावून ठेवतो, उद्या ये. तसलं बटण भिंगारात मिळेना. रात्रभर बसून त्यांनी नारळाच्या करवंटीचं बटण घासलं, चार भोकं पाडली आणि शिवलं. सकाळी छावणी रिकामी. पलटण पहाटेच निघून गेली होती.

तेव्हापासून तो शर्ट आमच्या पेटीत आहे. दरवर्षी खंडेनवमीला आम्ही इस्त्रीची पूजा करतो, तेव्हा तो बाहेर काढून त्याला इस्त्री करतो आणि परत ठेवतो. घरात त्या माणसाला 'बटणवाला गोरा' म्हणतात. लहानपणी मला वाटायचं तो आमचा कोणी लांबचा नातेवाईक असावा.

यंदा अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पायांच्या शिरा फारच फुगल्या. डॉक्टरांनी सांगितलं, उभं राहून करायचं काम बंद. आई म्हणाली, दुकान बंद करा. अण्णा म्हणाले, "करतो. पण गिऱ्हाईकाचा कपडा घरात ठेवून परटानं दुकान बंद करायचं नसतं. तेवढा एक पोचता होऊ दे."

हे ऐकून आईनं कपाळाला हात लावला. मी मात्र कामाला लागले. शर्टाच्या शेपटाला, म्हणजे मागच्या खालच्या टोकाला, आतून एक शिक्का आहे, इंग्रजी आकड्यांचा: सहा, एक, शून्य, आठ. शेजारी आमच्या घराची बिब्याच्या शाईची खूण आहे, एक रेघ आणि तीन ठिपके. मॅडमनी सांगितलं, की शिपाई आपल्या नंबराचे शेवटचे चार आकडे कपड्यांवर मारत, आणि त्या वेळी नगरहून गेलेल्या पलटणी सिंगापूरच्या लढाईत पोचल्या होत्या. मेलेल्यांची यादी कॉम्प्युटरवर बघता येते. लायब्ररीत बसून तीन दिवस शोधलं, तेव्हा त्या पलटणींपैकी एकीत तो नंबर सापडला. त्याचं नाव वॉल्टर. सिंगापुरात क्रांजी नावाच्या ठिकाणी त्याचं थडगं आहे. (आडनाव मी लिहीत नाही. त्याच्या घरच्यांना विचारलेलं नाही.)

योगायोग असा, की माझा सख्खा मामा सिंगापुरातच असतो. आयटीआय करून तो जहाजदुरुस्तीच्या यार्डात फिटर म्हणून गेला आणि आता तिथेच फोरमन आहे. तो दर दिवाळीला म्हणायचा, ये एकदा. यंदा मी पहिल्यांदाच हो म्हणाले. त्याला इतका आनंद झाला, की येण्याचं कारण सांगायचं माझं धाडस झालं नाही.

विमानतळ

मामानं बजावलं होतं, सामान घेतलं की हिरव्या पाटीखालून सरळ बाहेर ये. पण शेजारी लाल पाटी होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, की काही सांगण्याजोगं असेल तर इकडून या. मी थांबले. माझ्याकडे दुसऱ्याची वस्तू होती. ती न सांगता नेणं बरोबर का? मी लाल पाटीकडे गेले. त्या बाजूला गेलेली त्या विमानातली मी एकटीच.

टेबलामागे एक वयस्कर चिनी अधिकारी होते. माझं इंग्रजी घाबरलं की अजून लहान होतं.

"काय आहे?"

"एक शर्ट, सर."

"नवा?"

"जुना. माझा नाही. एका माणसाचा आहे."

"तो माणूस कुठे आहे?"

"इथेच, सिंगापुरात."

"तुला घ्यायला आलाय?"

"नाही सर. तो लढाईत वारला."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पुडकं उघडायला सांगितलं. मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेला शर्ट बाहेर आला आणि डांबरगोळ्यांचा वास सगळीकडे पसरला. त्यांनी करवंटीच्या बटणाला बोट लावलं, घडीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"इस्त्री कोणी केली?"

"माझ्या वडिलांनी."

त्यांनी स्वतःच्या गणवेशाच्या बाहीकडे पाहिलं. बाहीवर दोन दोन घड्या पडल्या होत्या. "माझी मीच करतो," ते म्हणाले आणि शर्ट माझ्याकडे सरकवला. "जा. पुढच्या वेळी ग्रीन साइड, ओके?"

बॅगेत पंचवीस लाडू, गोडा मसाला आणि काकूंचं लोणचं होतं. त्याबद्दल त्यांनी विचारलंच नाही.

सेम्बावांग

मामाचा फ्लॅट उत्तरेला सेम्बावांगला, नवव्या मजल्यावर आहे. मामा, मामी आणि सतरा वर्षांची माझी मामेबहीण ईशा. ईशाला मराठी सगळं कळतं, पण बोलताना ती दोन मराठी शब्दांनंतर दमते आणि इंग्रजीत जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं आणि मी चहा विसरले. समोरच्या इमारतीच्या प्रत्येक स्वयंपाकघरातून बांबू बाहेर आलेले, आणि त्यांवर कपडे. आमच्याकडे दोरी असते, इथे बांबू. शर्टाच्या एका बाहीतून घालून दुसरीतून काढतात, त्यामुळे शर्ट हात पसरून उभा राहतो. चिमट्यांचे वळ पडत नाहीत. मी ते सगळं अण्णांना कळवायला वहीत लिहून घेतलं.

"आगं, ती समुद्राकडची बाजू बघ," मामी म्हणाली. "सगळे पाहुणे तिकडं बघतात. तू काय लोकांचे लेंगे बघतीस?"

मामीचा पाहुण्यांसाठी ठरलेला कार्यक्रम आहे. पहिल्या दिवशी माशाच्या शेपटाच्या सिंहाचा पुतळा, दुसऱ्या दिवशी बागा, तिसऱ्या दिवशी लिटल इंडियात जाऊन कढीपत्ता आणि साडी. बारा वर्षांत तिनं सदतीस पाहुणे फिरवलेत आणि एकालाही क्रम चुकवू दिलेला नाही. मी घाबरत घाबरत शर्टाची गोष्ट सांगितली.

मामानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "क्रांजी? इथून चार स्टेशनं. मी रोज वरून जायचो पूर्वी. मला वाटायचं बाग हाय."

"बाग नाही लाह, पपा," ईशा इथल्या लोकांसारखा 'लाह' लावून म्हणाली. "वॉर सिमेटरी. स्कूलमधून नेतात. खूप ऊन. नो शेड."

मामीनं एवढंच विचारलं, "म्हंजे सिंह कधी बघायचा?" मग ठरलं, की शनिवारी सिंह आणि रविवारी मामाला सुट्टी असते तेव्हा क्रांजी.

शनिवारी सिंह पाहिला. तो पाणी ओकतो. नंतर आम्ही जेवायला हॉकर सेंटरला गेलो. हे म्हणजे एका मोठ्या छपराखाली शंभर गाडे आणि मध्ये सगळ्यांची टेबलं. तिथे माझ्या हातून जे झालं ते लिहू की नको असं झालंय, पण मॅडम म्हणतात प्रवासवर्णनात खरं लिहावं.

एका रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट पडलेलं होतं. थोडं पुढे ऑफिसातल्या कपड्यांतल्या एक बाई चालल्या होत्या. गिऱ्हाइकाच्या खिशात राहिलेली वस्तू परत नेऊन द्यायची, हे आमच्याकडे चालायला शिकण्याआधी शिकवतात. मी पाकीट उचललं आणि गर्दीतून धावत जाऊन त्यांच्या हातात दिलं. "मॅडम, तुमचं राहिलं होतं." त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून टेबलाकडे पाहिलं. तिथे तोवर एक आठ माणसांचं कुटुंब बसलं होतं.

ईशानं तोंडावर हात घेतला. "दीदी! तिनं जागा धरली होती!"

मग समजलं. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, तसंच इथे हे पाकीट ठेवतात. एवढ्या लांब येऊन मी एका बाईची सीट घालवली होती. मी तीन वेळा सॉरी म्हटलं. त्या बाई शेवटी हसल्या आणि आमच्याच टेबलावर येऊन बसल्या. मामीनं त्यांना लोणचं वाढलं. ते तिनं पर्समध्ये आणलं होतं.

रविवार, क्रांजी

रस्त्यावरून वर जाणारी हिरवी टेकडी, आणि तिच्यावर पांढऱ्या दगडांच्या रांगा. प्रत्येक दगड सारखाच, कमरेच्या खाली येईल एवढा. माथ्यावर मोठ्या भिंती आहेत, ज्यांचं शरीर कधी सापडलंच नाही त्यांची नावं त्यांवर कोरलेली आहेत. दोन दगडांमध्ये झुडपं लावलेली, गवत एकसारखं कापलेलं. एवढी माणसं एका ठिकाणी आणि एवढी शांतता मी कधी पाहिली नव्हती. मामानं खिशातला मोबाइल बंद केला, चपला काढल्या, मग परत घातल्या. काय करायचं असतं हे दोघांनाही माहीत नव्हतं.

रांग शोधून वॉल्टरकडे पोचलो. नंबर बरोबर. वय मात्र छत्तीस. पणजोबा त्याला पोरगा म्हणायचे हे आठवलं, पण इतक्या लांब आल्यावर मला ते आठवायचं नव्हतं. दगडावर कोणाचा तरी नवरा आणि कोणाचा तरी बाप असं लिहिलं होतं. मी शर्ट दगडापुढे ठेवला, त्याच्यावर मामीनं दिलेला पेढा ठेवला. मामानं उदबत्ती काढली, पण वाऱ्यात ती पेटेना. चार काड्या गेल्या. पाचवीला मागून आवाज आला.

गवत कापायचं यंत्र हातात घेऊन एक माळी उभे होते. तमिळनाडूचे. नाव मी विचारलंच नाही, पण मामाशी ते मोडक्या हिंदीत बोलले. फूल चालतं. पेढा नाही, मुंग्या येतात. कपडा? कपडा कोणी ठेवत नाही. ठेवलाच तर दोन-तीन दिवसांनी उचलून ऑफिसात ठेवावा लागतो.

मामानं मुंग्यांचा विचार करून पेढा प्रसाद म्हणून खाल्ला. मला काय करावं सुचेना. शर्ट असा ठेवून जायचं, की ऑफिसात द्यायचा, की काय? मी शेपटाचा शिक्का दिसेल असा शर्ट दगडाला लावून फोटो काढला आणि अण्णांना पाठवला. फोन केला तर उचलला नाही. रविवारी दुकानात गर्दी असते. त्यांना विचारल्याशिवाय ठेवायचा नाही असं ठरवून मी शर्ट परत घेतला आणि आम्ही जेवायला गेलो. मामी आणि ईशाही तिथेच आल्या.

तोच रविवार, लाक्सा

लाक्सा म्हणजे नारळाच्या तांबड्या, तेलाचा तवंग असलेल्या रश्शात बुडवलेल्या शेवया. आपल्या मटणाच्या रश्शाची कोणी समुद्रात राहिलेली बहीण असावी, अशी चव. मी पहिला घास घेतला आणि फोन वाजला. अण्णा. पडद्यावर त्यांचा हात, इस्त्री आणि अर्धा चेहरा.

"बाळा, फोटो पायला. तो शर्ट उलटा का धरला?"

"उलटा नाही अण्णा. कॉलर वर, शेपूट खाली."

"कॉलरचं काय घेऊन बसलीस. खूण बघ. ठिपके कुठं हायेत?"

मी बघितलं. "रेघेच्या वर."

"रेघ म्हंजे काय?"

वीस वर्षं ती खूण बघत होते, कधी विचारलं नव्हतं. कॉलेजला जायला लागल्यापासून तर मी दुकानात कमीच जात होते. मैत्रिणींना मी वडिलांचा 'व्यवसाय' आहे एवढंच सांगितलेलं.

"रेघ म्हंजे दोरी," अण्णा म्हणाले. "ठिपके म्हंजे कपडे. कपडे दोरीच्या वर वाळत्यात का खाली?"

मी बोटानं ठिपके मोजले.

"खाली. आन गिऱ्हाइकाचा नंबर जसा असतो तशीच आपली खूण घालायची, ही रीत हाय. शिपायानं शेपूट आपल्याकडं उलटवून शिक्का मारला, तुझ्या पणज्यानं तशीच खूण घातली. आता शर्ट फिरव आन नंबर वाच."

मी मांडीवरचा शर्ट फिरवला. सहा उलटा झाला की नऊ होतो. आठ तो आठच. शून्य आणि एक आहेत तसेच. आता तिथे लिहिलं होतं: आठ, शून्य, एक, नऊ.

म्हणजे मी शर्ट दुसऱ्याच माणसापुढे ठेवला होता. हे लक्षात येताच मी दचकून उठले, टेबलाला गुडघा लागला, आणि लाक्सा शर्टावर सांडला.

सगळा नाही, वाटीभर असेल. पण ऐंशी वर्षं ओढ्याकाठच्या एका वचनासाठी जपलेला शर्ट, आणि त्याच्या छातीवर तांबडं तेल. पडद्यावर इस्त्री थांबली. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी त्यांचं कागदी रुमालांचं पाकीट, जागा धरायचं, माझ्याकडे सरकवलं.

"घासू नको," अण्णा हळूच म्हणाले. "आगुदर घासू नको. आन रडू नको. खारं पाणी डागावर पडलं तर अजून त्रास."

सोमवार आणि मंगळवार

मामीकडे कपडे धुवायचं मशिन आहे. त्यात शर्ट टाकते असं ती म्हणाली, तेव्हा फोनवर अण्णा पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. मग ईशाला फोन धरायला उभं केलं. पुढचे दोन दिवस नगरचा एक परीट सिंगापूरच्या मोरीत धुणं धुवत होता, फक्त हात माझे होते.

"बेसन हाय का?"

"हाय की दाजी, भजी करायचं," मामी म्हणाली.

"तेच लाव डागाला, कोरडं. आता बस."

बसलो. बेसनानं तेल प्यायलं. ते झाडलं, परत लावलं. मग कोमट पाणी, मग रिठ्याचं पाणी. रिठे आणायला मामी लिटल इंडियात जाऊन आली आणि त्याच फेरीत तिनं कढीपत्ता आणि माझ्यासाठी साडीही उरकली. मी तळहातानं दाबत होते. ईशा फोन इतका जवळ नेत होती, की अण्णा ओरडले, "पोरी, मला डाग दाखव, सुताची वीण नको."

"अंकल, इट्स गॉन!" ती म्हणाली. खरंच गेला होता. बिब्याची शाई मात्र होती तशीच. ती जात नाही, म्हणून तर वापरतात.

वाळत घालताना मी दोरी शोधली, मिळाली नाही. शेवटी मामानं घरातच दोन खुर्च्यांवर बांबू ठेवला. शर्टाच्या बाह्या त्यातून घातल्या आणि तो हात पसरून उभा राहिला. पहिल्यांदा मला तो कोणाचा तरी अंगावरचा वाटला. छाती फार रुंद नव्हती. छत्तीस वर्षांच्या माणसाचा नव्हता तो.

तोवर ईशानं तिच्या फोनवर यादी उघडली होती. तीन दिवसांचं काम तिनं नऊ मिनिटांत केलं. त्याच पलटणींपैकी एकीत आठ-शून्य-एक-नऊ. नाव सिरिल, साधा शिपाई, वय बावीस. आई-वडिलांची नावं, आणि इंग्लंडच्या पूर्वेकडच्या एका खेड्याचं नाव. ईशानं नकाशावर ते खेडं दाखवलं. एक चर्च, एक तळं, बाकी शेतं. भिंगारहून लहान. तो तिथून निघाला, नगरला आला, ठेचा खाल्ला, परत बोटीत बसला आणि सिंगापुरात उतरला. तो उतरल्यावर साधारण पंधरा दिवसांत शहर पडलं. त्याच दिवसांत कधीतरी तो मेला. शरीर सापडलं नाही. थडगं नाही. माथ्यावरच्या भिंतीवर फक्त नाव.

"सो कुठे डिलिव्हर करायचा?" ईशानं विचारलं. "त्याला ॲड्रेसच नाही."

मी इस्त्री करायला बसले. मामीची वाफेची इस्त्री फुसफुस करत होती आणि अण्णा फोनवरून सांगत होते, आधी कॉलर, मग खांदा, मग बाह्या. हे मला येत होतं. चौथीत असताना येत होतं.

बुधवार, पुन्हा क्रांजी

माझं विमान संध्याकाळी होतं. मामाची ड्यूटी होती. मामी म्हणाली, मी असल्या जागी येत नाही, आणि साडी बदलून आमच्या आधी दारात उभी राहिली. तिचा अडतिसावा पाहुणा एकाच जागी दोनदा चालला होता, हे तिला मान्य नव्हतं, पण तिनं बोलून दाखवलं नाही.

भिंतीवर सिरिलचं नाव बरंच वर होतं. ईशानं बोटानं दाखवलं. आजूबाजूला हजारो नावं. मी शर्ट दोन्ही हातांवर घेऊन उभी राहिले आणि ईशाला विचारलं, काय म्हणू?

"तू घरी काय म्हणतेस?" ईशा म्हणाली. "डिलिव्हरी करताना. जस्ट से दॅट."

लहानपणी गठ्ठा घेऊन घरोघर जायचे तेव्हा दारात उभं राहून ओरडायचे. कॉलेज लागल्यावर कोणी ऐकू नये म्हणून बेल वाजवायला लागले. इथे बेल नव्हती.

"कपडे आणलेत," मी म्हणाले. हळू आलं, म्हणून परत म्हणाले. "सिरिल दादा, कपडे आणलेत. एक शर्ट. धुऊन, इस्त्री करून. बटण लावलंय. उशीर झाला."

मामीनं पदर डोळ्यांना लावला. "दादा काय म्हणतीस," ती म्हणाली, "पणज्याच्या वयाचा हाय तो."

"बावीसचा आहे मामी."

"मग बरोबर हाय."

आता शर्ट कुठे ठेवायचा? भिंतीपाशी ठेवावा तर हजार जणांच्या नावाखाली एक शर्ट, कोणाचा समजायचा? तेव्हा मला आमच्या दुकानाचा दुसरा नियम आठवला. गिऱ्हाईक घरी नसेल तर कपडे दारात ठेवायचे नाहीत, परतही आणायचे नाहीत. शेजारी द्यायचे. पण शेजारी चांगला पाहिजे.

आम्ही उतरून वॉल्टरकडे गेलो. माझी त्याच्याशी एवढीच ओळख होती, की मी त्याला रविवारी एक पेढा देऊन परत घेतला होता. आधी त्याची माफी मागितली. मग शर्ट त्याच्या दगडाला टेकवून ठेवला, या वेळी ठिपके खाली. "हा वरच्या सिरिलचा आहे," मी सांगितलं. "तो आला की द्या. नाव सांगू नका आमचं, बटण बघून कळेल त्याला."

मागे गवत कापायचं यंत्र बंद झालं. तेच माळी. मामीनं त्यांना तिच्या हिंदीत सगळं सांगितलं, करवंटीपासून बेसनापर्यंत. त्यांनी शर्टाकडे पाहिलं आणि म्हणाले, "शनिवारपर्यंत या रांगेत मी येत नाही." मग यंत्र उचलून ते खरंच दुसऱ्या रांगेत गेले.

परतताना मामीनं स्टेशनवर मला विचारलं, "आता तुझ्या सिरिलला आन वॉल्टरला लोणचं आवडलं आसतं का गं?" मी म्हणाले, एकाला नक्की.

परत, भिंगार

अण्णा दुकानातच होते. पाय खाली खोक्यावर, हातात इस्त्री. बॅग ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "दिला?"

"गिऱ्हाईक घरी नव्हतं, अण्णा. शेजारी दिला."

"शेजारी कसा हाय?"

मी विचार केला. "चांगला आहे. माझी चूक झाली तरी काही बोलला नाही. बायकामुलांचा माणूस आहे."

अण्णांनी मान हलवली. इस्त्रीचं झाकण उघडून त्यांनी कोळसे पत्र्याच्या घमेल्यात ओतले आणि त्यांवर पाणी शिंपडलं. वाफ छपरापर्यंत गेली. पेटी उघडी होती, आत फक्त डांबरगोळ्या.

मग त्यांची नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली. तिथे एकच पँट टांगलेली होती, देशमुख सरांची. सर दिवाळीपासून पुण्याला मुलाकडे गेलेत आणि कधी येणार ते कोणाला माहीत नाही.

अण्णांनी ती पँट खिळ्यावरून काढून मांडीवर घेतली.

"बाळा," ते म्हणाले, "सरांच्या शेजारी कोण ऱ्हातं गं?"